व्हेनिसच्या विहिरी

आईला व्हेनिस दाखवायला नेणार आहे, असे चाकणच्या कार्यालयात सांगितले तेव्हा सहकारी हसून म्हणाले, ‘आईला?’ त्यांचे फारसे चुकले नव्हते. नवविवाहितांनी जावे अशा शहरांत हे नाव नेहमी अग्रभागी असते. पण कामानिमित्त उत्तर इटलीला जाणे ठरलेच होते, आणि बाबा गेल्यापासून दीड वर्ष आई चिंचवडच्या घरातून लग्नकार्यालाही निघाली नव्हती. कुंभोजचे बाहुबली, श्रवणबेळगोळ आणि एकदा शिखरजी, एवढाच तिचा प्रवास. ‘तिथे दर्शन कशाचे गं?’ या तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी गाळण्याचे दुपदरी पांढरे फडके होते. त्या फडक्याचा मला संकोच वाटला, हे मान्य करायला हवे. ‘इथले पाणी स्वच्छच असते,’ मी म्हणाले. ‘स्वच्छ असेल. गाळलेले आहे का?’ रात्रिभोजनाची चिंता मात्र निष्कारण ठरली. जूनमध्ये तेथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. साडेसातला जेवूनही नियम अभंग राहिला.

पहिल्या दिवशी तिने सारे शिष्टाचारापुरते पाहिले. सेंट मार्कच्या चर्चच्या दर्शनी भागावरील चार घोडे व्हेनिसवाल्यांनी १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटून आणले, हे ऐकून ती थबकली. ‘लुटीची वस्तू देवळावर?’ एवढेच म्हणून पुढे चालू लागली. आज तेथे प्रतिकृती आहेत आणि मूळ घोडे आत जपून ठेवले आहेत, हे सांगून तिचे समाधान झाले नाही. गोंडोलाचे अर्ध्या तासाचे नव्वद युरो ऐकून तिने मनात रुपये केले आणि मान हलवली.

दुसऱ्या दुपारी तिचे गुडघे बोलू लागले, म्हणून एका लहान चौकात पायऱ्यांवर बसलो. त्या पायऱ्या एका दगडी विहिरीच्या होत्या. नक्षीदार काठ, वर लोखंडी झाकण. ‘समुद्रात विहीर कशी?’ आईने विचारले. मी ती केवळ शोभेची वस्तू समजत होते. रात्री वाचत बसले, तेव्हा व्हेनिस खऱ्या अर्थाने माझ्यासमोर उघडले.

चोहीकडे पाणी, पण पिण्याजोगा थेंब नाही, हे या शहराचे मूळ दुःख. त्यावर त्यांनी चौकच गाळणी केला. खोल खड्डा खणून त्याला चिकणमातीचे अस्तर द्यायचे, म्हणजे खारे पाणी आत येत नाही. मध्ये विटांची विहीर बांधून भोवती वाळू भरायची. वरच्या फरसबंदीला असा उतार की, पावसाचे पाणी दगडी जाळ्यांतून वाळूत उतरेल, झिरपत गाळले जाईल आणि मगच विहिरीत येईल. भरतीचे पाणी शिरू नये म्हणून काठ पायऱ्यांवर उंच ठेवलेला. दिवसातून दोनदा घंटा झाली की झाकणे उघडत. पाऊस पुरला नाही, तर मुख्य भूमीवरील ब्रेंता नदीचे पाणी नावांतून येई. अशा हजारो विहिरी शहरात होत्या. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले, तेव्हा ही झाकणे कायमची बसली.

सकाळी चहा घेताना हे आईला सांगितले. ती प्रथमच मनापासून ऐकत होती. ‘म्हणजे सगळे गावच पाणी गाळून प्यायचे,’ ती म्हणाली. मग माहेरच्या विहिरीविषयी बोलली: पाणी गाळले की फडके उलटे करून, त्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे, दुसरीकडे नाही. घंटेचे ऐकून मात्र हसली. ‘ही आपली दिवसाआडची पाळीच की!’

२०१९ च्या १२ नोव्हेंबरला व्हेनिसमध्ये भरतीचे पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झाले. रावेतला पवनेतून उचललेले, निगडीला शुद्ध केलेले ते पाणी आले की बाबा उठत, टाकी भरत आणि आईच्या हंड्यावर फडके स्वतः बांधून ठेवत. ‘गाठ त्यांचीच घट्ट बसायची,’ आई म्हणाली. दीड वर्षात तिने बाबांविषयी आपणहून काढलेले हे पहिले वाक्य. मी काही बोलले नाही.

त्या दिवशी राजवाडा, काचेचे कारखाने सारे बाजूला ठेवून आम्ही विहिरी पाहत हिंडलो. कोणता काठ जुना, कोणाच्या दोरांनी दगडाला घळ्या पडल्या, हे ती बोट फिरवून पाही. आमच्या शेजारून जोडपी छायाचित्रे काढत जात होती. एका विहिरीच्या पायथ्याशी दगडातच कोरलेली वाटीएवढी डोणी तिला दिसली. ती कुत्र्या-मांजरांसाठी आणि पाखरांसाठी असे, हे मी वाचले होते. आई खाली वाकली. ‘बघ, दर्शन कशाचे म्हणून विचारत होते,’ म्हणाली.

डोणी कोरडी होती. तिने पिशवीतून बाटली काढली, सकाळी हॉटेलच्या खोलीत गाळलेले पाणी त्यात ओतले आणि मला बाजूला सरकायला सांगितले. बऱ्याच वेळाने एक कबुतर आले.