बुसानचे 'अहो-जाहो'

माझी भाची कोरियातल्या बुसान बंदरात इंग्रजी शिकवते. वाढली अमेरिकेत, त्यामुळे या मामाशीही तिचे अरेतुरेच! गेल्या डिसेंबरात आठ दिवस तिच्याकडे राहिलो. शाळेने दिलेली एकच खोली. पण जमिनीखालून ऊब खेळवलेली. बाहेर समुद्राचा वारा बोचे, आत पाय सुखात!

जागाल्चीच्या मासळीबाजारात विक्रेतीने मासा दाखवण्याआधी माझे वय विचारले. भाची ओशाळली. तिकडे जाणाऱ्याने या प्रश्नाचा राग मानू नये. थोरला की धाकटा हे कळले, की बोलणाऱ्याला क्रियापदाचे रूप निवडणे सोपे जाते.

रात्री भाचीने गाऱ्हाणे मांडले. "मुले मला 'यू' म्हणतच नाहीत. 'टीचर, टीचरांचे जेवण झाले?' असेच इंग्रजीत विचारतात. वर्षभर सुधारून थकले. वाटते, परत जावे."

म्हटले, "अगं, कोरियनमध्ये गुरूला सर्वनामाने संबोधीत नाहीत. इंग्रजीत लहानथोरांना एकच 'यू'. तो उच्चारायला त्यांची जीभ रेटत नाही. चूक व्याकरणाची, आदर मात्र खरा."

ती गप्प राहिली. निघताना स्टेशनावर म्हणाली, "करार वर्षभर वाढवते आहे. मामा, पुन्हा या."

'ये' नव्हे, 'या'! क्षणभर परके वाटले. मग गाडीत बसल्यावर डोळे पुसले.