अखंड अर्धा तास

बुद्धिबळ म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ, अशी आपल्यातल्या बऱ्याच जणींची समजूत असते. तासन्‌तास पटावर डोकं घालून बसलेले दोन आजोबा आणि शेजारी गार होत चाललेला चहा, हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. पण जलद डाव, ज्याला हल्ली सगळे रॅपिडच म्हणतात, तो मात्र घरसंसारात बसण्याजोगा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक खेळाडूला 10 मिनिटांपेक्षा जास्त आणि 60 मिनिटांपेक्षा कमी वेळ असला, की तो रॅपिड. घरी मी आणि माझी लेक प्रत्येकी 15 मिनिटं लावतो. कोणीही जिंको, अर्ध्या तासात पट उचलला जातो.

आणि याला कुणी पोरखेळ समजू नये. कोनेरू हंपीला 2017 साली मुलगी झाली. त्यासाठी ती काही काळ स्पर्धांपासून दूर राहिली आणि परतल्यावर 2019 मध्ये मॉस्कोला महिलांची जागतिक रॅपिड स्पर्धा जिंकली. 2024 मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा तिनंच जिंकली. 2025 च्या जुलैत बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत हंपी आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखमध्ये झाली. मोठे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला तो रॅपिडच्या डावांवर. दिव्या जिंकली.

आपल्याला काही बाटुमीला जायचं नाही. पण खेळायचंच तर बरं खेळावं, एवढी हौस तर असतेच. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नुसते डावांवर डाव खेळून खेळ सुधारत नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. एखाद्या मुलाला हातच्याची बेरीज जमली नाही, तर आम्ही त्याला सगळं पुस्तक पुन्हा शिकवत नाही. हातच्याचीच वीस उदाहरणं घालतो. बुद्धिबळाचंही तसंच.

आम्ही दोघींनी एक जुनी वही घेतली, त्यात तीन रकाने आखले: ‘मोहरा फुकट गेला’, ‘घड्याळ संपलं’ आणि ‘शेवट जमला नाही’. प्रत्येक डावानंतर, ज्या कारणानं डाव गेला त्या रकान्यात एक रेघ मारायची. वीस डाव झाल्यावर वही आपोआप बोलू लागते. ज्या रकान्यात रेघा जास्त, त्याचाच सराव पुढचे दोन आठवडे. बाकीच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

मोहरे फुकट जात असतील तर रोज पाच-सहा कोडी सोडवावीत, पण एका जातीची. एक आठवडा फक्त घोड्याच्या दुहेरी हल्ल्याची, पुढच्या आठवड्यात फक्त जखडलेल्या मोहऱ्यांची. मोबाईलवर अशी विषयवार कोडी फुकट मिळतात. शिवाय प्रत्येक खेळीआधी मनाला तीन प्रश्न विचारायचे: समोरच्याला शह देता येतो का, काही मारता येतं का, कशाची धमकी आहे का? हेच तीन प्रश्न त्याच्या बाजूनंही विचारायचे.

घड्याळ संपत असेल तर दहाव्या आणि विसाव्या खेळीला उरलेली मिनिटं टिपून ठेवावीत. पहिल्या दहा खेळ्यांत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जायला नको, हा आमचा घरगुती हिशेब. त्यासाठी पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक, अशी ठरलेली सुरुवात पक्की करावी. रोज नवीन भाजीचा विचार करण्यात जसा वेळ जातो, तसंच हे.

शेवटासाठी राजा आणि एक प्यादं यांपासून सुरुवात करावी. आपला राजा सहाव्या रांगेत आणि त्याच्या लगेच मागे आपलं प्यादं असलं, तर खेळी कुणाचीही असो, प्याद्याचा वजीर करता येतो. अगदी कडेच्या प्याद्याला मात्र हा नियम लागत नाही. एवढं जरी हातात बसलं, तरी बरोबरीत सुटणारे किती तरी डाव जिंकता येतात.

हा सगळा सराव तुकड्यातुकड्यांनी होतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन कोडी सुटतात. डावाचं तसं नाही. त्याला अखंड अर्धा तास लागतो आणि घरातल्या बाईजवळ नेमका तोच नसतो.

एका रविवारी आमचा डाव रंगात आला होता. आतून ह्यांची हाक आली, “अगं, माझा चष्मा कुठाय?”

“अहो, डाव चालू आहे. घड्याळ थांबत नाही.”

“खेळच आहे ना? मग थांबव की!”

मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, “फ्रिजवर असेल, आपला आपण बघ. आमच्या वेळीही सारीपाट मांडला की कुणाला तरी भूक लागायचीच. एक डाव पुरा झाला असेल तर शपथ!”

सासूबाईंना सारीपाट आवडायचा, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. चष्मा फ्रिजवरच सापडला.

तेव्हापासून बुधवारी आणि रविवारी चार ते साडेचार ही वेळ ठरून गेली आहे. बेल वाजली तर दुसरं कुणी तरी उठतं. साडेचारचा चहा हे टाकतात. साखर जरा जास्त पडते, पण मी काही बोलत नाही.

सहा महिन्यांत आमच्या वहीतला पहिला रकाना निम्म्यावर आला आहे. शाळेतल्या शिक्षकांच्या रॅपिड स्पर्धेत मला पाचांपैकी साडेतीन गुण मिळाले. बक्षीस नाही मिळालं, पण गणिताच्या सरांशी सोडवलेल्या बरोबरीची चर्चा स्टाफरूममध्ये दोन दिवस चालली होती.

तेव्हा मैत्रिणींनो, माळ्यावर पडलेला पट खाली काढा. वही तर घरात असतेच. सराव मिळेल तेव्हा करा. पण डावाचा अर्धा तास मात्र आधी घरात सांगून, ठरवून घ्या. मनातल्या मनात ठरवलेली वेळ कुणाला कळत नाही.