मोटर गेली!

आमची विजेवर चालणारी स्कूटर मुळात आवाजच करीत नाही. त्यामुळे ती बिघडली आहे की नुसती रुसली आहे, हे कळायला मार्ग नसतो. (या बाबतीत आमच्या घरात तिला जोड आहे, पण तो विषय शेवटी.)

जुलैतल्या एका सकाळी बँकेत निघालो, मूठ पिळली आणि स्कूटर हुडहुडी भरल्यासारखी जागच्या जागी थडथडू लागली. पायाने रेटली की चार पावलं जाई, पुन्हा थडथड. शेवटी ढकलत ढकलत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने तिला लॅपटॉप जोडला, पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ''मोटर गेली. पूर्ण बदलावी लागेल.''

वॉरंटी तीन आठवड्यांपूर्वीच गेली होती. त्याने सांगितलेला आकडा आणि मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम यांत फरक फक्त सतराशे रुपयांचा होता. बावीस वर्षं लोकांचे पैसे मोजणारी माझी बोटं स्वतःच्या पैशाचं नाव काढताच थडथडू लागली.

मी बी.कॉम. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण बँकेत लागलो तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी एक मंत्र दिला होता : टोटल जुळत नाही म्हणून कोणी लेजर फेकून देत नाही. आधी फरकाला नऊने भाग जातो का बघायचं. गेला, तर कुणीतरी ५४ चे ४५ केले असतील, ते शोधायचं. मग न शोधता मोटर तेवढी का फेकायची?

स्कूटर ढकलत नाक्यावरच्या मिस्त्रींकडे नेली. पंचवीस वर्षं हे गृहस्थ स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून रोग सांगत आले. विजेच्या गाड्या आल्या आणि त्यांचा कानच बेकार झाला. ''साहेब, या गाड्या काही बोलतच नाहीत हो,'' असं म्हणत वर्षभर ते नुसती पंक्चरं काढत होते. आज मात्र त्यांनी देव्हाऱ्यातून बाळकृष्ण काढावा तसा फडक्यात गुंडाळलेला मल्टिमीटर बाहेर काढला.

आधी ब्रेकचा स्विच पाहिला. ब्रेक दाबला की या गाड्यांत मोटरची वीज तुटते. स्विच अडकला, तर धडधाकट मोटरही ढिम्म हलत नाही. तो ठीक होता. मग बॅटरीची एमसीबी पाडून मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवल्या आणि चाक फिरवलं. मोकळं फिरलं. ''आत शॉर्ट असता तर जड गेलं असतं.'' मग दोन-दोन वायरींची टोकं जुळवून फिरवलं, तर चाक जात्यासारखं जड! फिरवताना तयार होणारी वीजच त्याला अडवत होती. तिन्ही जोड्यांना सारखंच जड. ''वायंडिंग शाबूत आहे साहेब. तिघा भावांच्या वाटण्या सारख्या आहेत.''

उरल्या बारीक वायरी. या मोटरमध्ये तीन हॉल सेन्सर असतात. चुंबक फिरत फिरत कुठे आला, ही खबर ते कंट्रोलरला देतात. त्यावरून कोणत्या वायंडिंगला केव्हा वीज सोडायची, ते तो ठरवतो. सगळं पुन्हा जोडून, वीज चालू करून मिस्त्रींनी प्लगच्या मागून मीटरचं टोक आत सारलं. लाल-काळ्यात पाच व्होल्ट. बरोबर. चाक हाताने हळूहळू फिरवलं, तशी पिवळ्यावर शून्य, पाच, शून्य, पाच. हिरव्यावरही तेच. निळ्यावर मात्र पाच. चाक फिरो, जग फिरो, पाचच! असा एक सद्गृहस्थ आमच्या शाखेतही आहे.

वीज बंद करून प्लग उघडला. निळ्या वायरीच्या पिनेवर हिरवट गंज चढला होता. आतला सेन्सर इमानेइतबारे सांगत होता, पण निरोप पोचतच नव्हता! मिस्त्रींनी पिन घासली, चिमट्याने घट्ट केली. मीटर नाचू लागला, स्कूटर सुतासारखी सरळ निघाली. त्यांनी घेतले दोनशे रुपये.

''मोटारगाड्यांच्या नारिंगी वायरींना मात्र अजून हात लावत नाही साहेब,'' ते म्हणाले, ''तिथं शेकड्यांनी व्होल्ट. पुढच्या महिन्यात त्याच्या क्लासला बसतोय.'' आणि लाजून हसले. आमच्या हेडक्लार्कनी चोपन्नाव्या वर्षी एका बोटाने पहिल्यांदा पासवर्ड टाकला, तेव्हा ते अगदी असंच हसले होते.

निघताना मी विचारलं, ''पण गंज चढला कसा?''

''गाडी पाइप लावून धुता काय?''

तीन वर्षं, दर रविवारी, अत्यंत प्रेमाने.

घरी येऊन सौभाग्यवतींना पिवळी, हिरवी, निळी वायर सविस्तर समजावली. फी वाचल्याची बातमीही दिली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

''अहो, पाइपनं धुऊ नका म्हणून मी तीन वर्षं कानीकपाळी ओरडतेय.''

''असेल. मला ऐकू आल्याचं आठवत नाही.''

''म्हणजे माझा सेन्सर चांगला आहे,'' सौ. म्हणाल्या. ''पिन तुमची घासायला हवी.''