रिळावरचा आवाज

साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस 1724 च्या लढाईमुळे ठाऊक असते. त्या वर्षी निजाम-उल-मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनची सत्ता हाती घेतली. आम्हांला मात्र बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव स्मरते ते एका पत्र्याच्या पेटीमुळे आणि तिच्यात जपलेल्या एका रिळामुळे.

2023 च्या उपवासकाळात तेथील एका वृद्ध भगिनीला कम्युनियन देण्यास आम्ही गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले पाच इंची रीळ आमच्या हाती ठेवले. "फादर, यात आमच्या बाबांचा आवाज आहे. मी जायच्या आधी एकदा ऐकवाल का?"

त्यांचे वडील मराठवाड्यात गावोगाव पायी फिरणारे कॅटेकिस्ट होते. 4 डिसेंबर 1963 रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले आणि लोकभाषेला मिस्साबलिदानात मानाचे स्थान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मराठी मिस्सा नवी होती त्या दिवसांत हे गृहस्थ भजनाच्या ढंगाने गीते रचीत, आणि एका पाहुण्या धर्मगुरूंनी ती आपल्या यंत्रावर टिपून घेतली होती. योगायोग असा की त्याच 1963 साली फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली. पुढे घरोघरची स्पूल यंत्रे माळ्यावर गेली आणि रीळ उरले, ते वाजवणारे कोणी उरले नाही.

आम्ही म्हणालो, "मुंबईच्या एखाद्या स्टुडिओत पाठवू." बाईंनी रीळ पुन्हा पदराखाली घेतले. "डोळ्यांआड नाही करायची मी." तेव्हा यंत्रच साखरखेर्ड्यास आणणे भाग होते.

यंत्रांच्या बाबतीत आमची पाटी कोरी. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. सोल्डरिंग कोणी शिकविले नाही. मुंबईच्या एका जुन्या बाजारात एक स्पूल टेपरेकॉर्डर दिसले. दिवे लागले, चक्र्या फिरल्या, आणि तेवढ्यावर आम्ही भाळलो. फीत लावून वाजवून दाखवा, असे म्हणण्याचे आम्हांला सुचले नाही. यंत्राच्या पाठीवरील पट्टी वाचण्याचेही सुचले नाही. तीवर स्पष्ट लिहिले होते: 120 व्होल्ट, 60 सायकल.

आपल्याकडील वीज 230 व्होल्ट आणि 50 सायकलची. व्होल्ट उतरविण्यास ट्रान्सफॉर्मर मिळतो, आम्ही तो आणला. परंतु ट्रान्सफॉर्मर सायकल बदलीत नाही, आणि या यंत्रातील मोटरची गती सायकलवर अवलंबून. सहांत पाच एवढीच गती मिळाली, म्हणजे स्वर पेटीच्या तीन पट्ट्यांनी खाली गेला. हे काही ठाऊक नसताना आम्ही उत्साहाने साखरखेर्डे गाठले आणि ते मोलाचे रीळ चढविले. जड, ओढल्यासारखा आवाज आला. त्यात दुसऱ्या कर्ण्यातून कोणी उलट्या भाषेत पुटपुटत होते. भगिनी क्षणभर कान देऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हे बाबा नव्हेत, फादर."

शरमेने आम्ही यंत्र उचलले आणि जालन्यास एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे नेले. सगळी हकिगत ऐकून ते गृहस्थ कळवळून म्हणाले, "अहो, आधी रद्दी फीत लावायची असते! रबरी रोलर बघा, काचेसारखा कडक झालाय. तुमचं रीळ चघळलं नाही ही देवाची कृपा." त्या दुपारी त्यांनी आम्हांला जे शिकविले, ते खरेदीपूर्वी कोणी शिकविले असते तर किती बरे झाले असते!

यंत्र वर्षानुवर्षे बंद असेल तर एकदम वीज देऊ नये. आतील कंडेन्सर आधी तपासावेत. फीत जेथून सरकते त्या हेडवर बोट फिरवावे. खोल चर लागला तर हेड झिजले आहे. फीत वेगाने गुंडाळून एकदम थांबवावी. ब्रेक ढिला असेल तर फितीचे वेटोळे बाहेर पडते. हेड आणि रोलरचा मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. रीळ उजेडात धरावे. आरपार उजेड दिसला तर फीत जुन्या अॅसिटेटची, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर विलंब करू नये. आमची फीत पॉलिएस्टरची निघाली. पुटपुटण्याचाही उलगडा झाला. पाव इंच रुंदीच्या फितीवर जुनी यंत्रे दोनच पट्टे उमटवीत, एक जाताना आणि एक येताना. आमचे यंत्र चार पट्ट्यांचे असल्याने दुसरी बाजू उलटी ऐकू येत होती. उपाय सोपा: एकच कर्णा चालू ठेवावा.

गतीसाठी त्यांनी लेथवर मोटरची नवी पुली करवून घेतली, जुनीपेक्षा एक पंचमांशाने मोठी. रोलरला नवे रबर चढविले. या खर्चात आणखी एक यंत्र आले असते.

पेन्टेकॉस्टनंतर आम्ही पुन्हा साखरखेर्ड्यास गेलो. या खेपेस आधी रद्दी फीत वाजविली आणि संगणक जोडून ठेवला, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा साथ देईलच असे नाही. मग रीळ लावले. खणखणीत पुरुषी आवाज उमटला. भगिनी हात जोडून ऐकत होत्या, डोळे कोरडे होते. तिसरे गीत संपले तरी फीत चालूच होती. मागून जात्याची घरघर ऐकू आली आणि कोणी स्त्री गुणगुणत होती. कॅटेकिस्ट म्हणाले, "अगं, थांबव की, टेप चालू आहे." ती हसली आणि जाते थांबले.

"ही आई," भगिनी म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. आई त्यांच्या बालपणीच वारली होती. तिचा फोटोही नव्हता. त्या दिवशी त्यांनी गीते पुन्हा ऐकली नाहीत. ते हसणे मात्र पाच वेळा ऐकले.

संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाबा'च्या नवव्या भागात मिलानच्या मंदिरातील गीतांनी आपले अश्रू कसे वाहिले ते सांगतात आणि त्याच भागात माता मोनिकाचा मृत्यूही सांगतात. सेमिनरीत हा भाग वाचताना या दोन गोष्टी शेजारी का, असा प्रश्न आम्हांला पडला नव्हता. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत कॅटेकिस्टांची नावे सापडतात; त्यांच्या घरी दळणाऱ्या स्त्रियांचा आवाज आम्ही कोठे नोंदविला? तो या रिळावर चुकून राहिला.

वाचकहो, आपल्या माळ्यावर असे एखादे रीळ असेल तर ते भंगारात देऊ नका. यंत्र घ्यायचे असेल तर जाणत्यास सोबत न्या, पाठीवरची पट्टी वाचा, फीत वाजवून पाहा. आणि गीत संपले की लगेच बटण दाबू नका. फीत शेवटपर्यंत चालू द्या.