त्रेसष्टचा पाइप

मानवतच्या एका कृषी सेवा केंद्रात मी काउंटरवर असतो. सकाळी शटर वर गेलं की पहिला गिऱ्हाईक खिशातून पान काढतो, चुरगळलेलं, घामेजलेलं, आणि म्हणतो, "ह्ये काय पडलंय बघा बरं." पांढरी माशी एक मिलिमीटरची, फुलकिडा तेवढाच, मावा फार तर दोन. माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, म्हणजे धुळीसारखे. दुसरा प्रकार व्हॉट्सअॅपवरचा. त्यात एक हिरवा ढग असतो आणि ढगाच्या मधोमध फोटो काढणाऱ्याचा अंगठा. त्यावरून औषध सांगायचं.

आपणच नीट फोटो काढून ठेवले तर ओळखायला सोपं जाईल, एवढाच माझा विचार. घरात निकॉनचा एक जुना कॅमेरा पडून होता. मेहुण्यानं लग्नाचे फोटो काढायचा धंदा करीन म्हणून घेतला, दोन लग्नांत धंदा आटोपला, आणि उसने घेतलेल्या पैशांपोटी कॅमेरा माझ्याकडं आला. हौसेनं एका फुलकिड्यापुढं धरला तर लेन्स घरघरली, पुढं-मागं झाली आणि थांबली. एवढ्या जवळचं तिला दिसतच नाही म्हणे. त्यासाठी मॅक्रो लेन्स वेगळी. तिची किंमत पाहिली आणि विषय बायकोपुढं काढलाच नाही.

पहिला प्रयोग फुकटचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मोबाइल अलगद पालथा करायचा. लटकलेला थेंब भिंगाचं काम करतो. करतो, हे खरं आहे. ज्वारीच्या पानावरची लव मला झाडूसारखी दिसली. पण थेंब म्हणजे थेंब. हात हलला की भिंग हललं, आणि तिसऱ्या थेंबाला ते चार्जिंगच्या भोकात गेलं. दोन दिवस मोबाइल तांदळाच्या डब्यात. बायको खिचडी टाकताना रोज विचारायची, "शिजवू का ह्याला पण?"

तेव्हा मला लेव्हेनहूक या माणसाचा फार आधार वाटला. सतराव्या शतकातला हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी, म्हणजे कापसाच्या गावातल्या माणसाला आपलाच वाटावा असा. दुकानात कापडाचे धागे भिंगाखाली तपासायची तेव्हा रीतच होती. हा तिथं न थांबता स्वतःच्या हातानं इवलाली भिंगं करत सुटला, एका भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून पाण्यातले जीव पाहिले आणि १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहीत राहिला. शिक्षण बेताचं, काउंटर माझ्यासारखाच. त्याच्या घरी काय म्हणत असतील, याचा मी बराच विचार केला.

दुसरा प्रयोग कळायला मला आठवडा लागला. कॅमेऱ्याची लेन्स काढायची, उलटी करायची आणि तशीच तोंडाशी धरायची. आधी चेष्टाच वाटली. पण त्यात अर्थ आहे. लेन्स बनते ती दूरचं मोठं जग आतल्या जवळच्या छोट्या सेन्सरवर उतरवायला. उलटी केली की तिचं जवळचं तोंड किड्याकडं जातं आणि जे लहान करायचं तेच ती मोठं करते. मी उलटी धरली, डोळा लावला, आणि आत अमावास्या! लेन्स बिघडवली म्हणून मी घाबरलो. बिघडलं काही नव्हतं. या लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, कॅमेरा सांगेल तसं उघडतं, आणि कॅमेऱ्यापासून सुटली की ते मिटून बसतं. मागच्या बाजूला एक छोटी पत्ती असते. ती सरकवून तिथं काडेपेटीची काडी अडकवली की उजेड येतो. काडी निसटली की पुन्हा अमावास्या. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात लेन्स, दातात काडी, आणि कॅमेऱ्याचं उघडं तोंड आपल्या काळ्या रानातल्या धुळीकडं. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात तीन काळे ठिपके आहेत. ते किडे नाहीत.

परभणीच्या एका जुन्या फोटो स्टुडिओत गेलो तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. काकांनी ऐकून घेतलं, कपाटाच्या खालच्या कप्प्यात हात घातला आणि रोल भरायच्या काळातली याशिकाची ५० मिलिमीटरची लेन्स माझ्या हातात ठेवली. "ह्या लेन्सला कडी हाय बघ. छिद्र आपल्या हातानं लहान-मोठं करायचं. काडी-बिडी लागत नाही." वर एक तडकलेला फिल्टरही दिला. "काच फोड, रिंग ठेव. ५२ चा आटा हाय, लेन्सला बरोबर बसंल." पैसे? "फोटो आणून दाव." जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात, माझ्या हाती जपान लागलं, पण तेही परभणीतच.

आता लेन्स आणि कॅमेरा यांच्यात अंतर पाहिजे. हिशोब सोपा आहे: ५० च्या लेन्सला जितकं अंतर वाढवाल त्याला ५० नं भागा, तितक्या पटीची भर. पाच सेंटीमीटरची पोकळ नळी घातली की एक पट वाढली. नळीसाठी मी बाजारभर फिरलो आणि ती सापडली मेहुण्याच्या शेतात, विहिरीजवळ. ठिबकच्या मेनलाइनचा उरलेला ६३ मिलिमीटरचा तुकडा. एका टोकाला कॅमेऱ्याचं झाकण मधून कापून, दुसऱ्या टोकाला ती फिल्टरची रिंग, आणि दोन्हीकडं भरपूर एमसील. करवतीनं पाइप कापताना भुसा कुठं उडतोय याकडं लक्ष ठेवा. मी ठेवलं नाही. आणि पाइप आतून काळा करा. माझे पहिले चाळीस फोटो दुधात बुडवल्यासारखे आले, कारण पाइपाची गुळगुळीत आतली भिंत उजेड इकडंतिकडं उडवत होती. पोराच्या प्रोजेक्टमधला काळा कार्डशीट गुंडाळून आत सरकवला तेव्हा काळं काळं दिसायला लागलं.

हे सगळं लावून बटण दाबलं तर कॅमेरा म्हणतो, लेन्सच नाही! त्याच्या दृष्टीनं खरंच नव्हती. ठिबकच्या पाइपाशी बोलायला त्याला कोणी शिकवलंय? मॅन्युअलवर टाकल्यावर तो गप्प झाला, पण उजेड मोजायचंही सोडून दिलं. अंदाजानं काढायचं, बघायचं, पुन्हा काढायचं. मोठेपणा मोजायला मात्र पोराची कंपासमधली पट्टी पुरली. सेन्सरची रुंदी साधारण २३ मिलिमीटर, आणि चौकटीत पट्टीचे १३ मिलिमीटर मावले. म्हणजे पावणेदोन पट. मी नाचायचाच बाकी होतो.

पण मोठं दिसण्याचा जो दंड बसतो त्याची कल्पना मला नव्हती. लेन्सवर छिद्र आठचं ठेवा, एवढ्या मोठेपणावर उजेडाच्या हिशोबानं ते बावीसचं होतं. म्हणजे सगळं अंधारतं. आणि स्पष्ट दिसणारी जागा उरते जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. माव्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धुकट, पाय साधले तर डोळे गेले. फोकसची कडी फिरवून उपयोग नाही. स्वतःच झुलायचं, पुढं-मागं, श्वास रोखून, आणि डोळा चमकला की दाबायचं. शंभरात चार साधतात. मी तर म्हणेन तीन.

कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड पाइपाच्या मागंच अडत होता, त्यामुळं अर्धा किडा उजेडात, अर्धा ग्रहणात. थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आली त्याच्या आधीच्या बारशाची ताटल्यांची चळत आमच्या माळ्यावर होती. एका ताटलीला मधोमध भोक पाडून ती लेन्सच्या गळ्यात घातली. वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू वर छपरासारखी चिकटवली, तो उजेड खाली ताटलीवर आणून सोडायला. आता कॅमेरा कॅमेरा राहिला नव्हता. तो मुंडावळ्या बांधलेल्या पंपासारखा दिसत होता.

डिसेंबरातली थंडी या कामाला उत्तम, कारण पहाटे किडेही गारठलेले असतात आणि ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाहीत. करडईवर मावाही तेव्हाच येतो. अडचण एवढीच की करडई काटेरी, आणि किडा लेन्सपासून चार बोटांवर पाहिजे. वाऱ्यानं डुलणारी फांदी मी काठीला बांधलेल्या कपड्याच्या चिमट्यानं धरली आणि गुडघ्यावर बसलो. धुऱ्यावरून जाणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय करायलास रे? साप हाय का?"

"फोटो काढायलोय, मामा."

"कुणाचा?"

"माव्याचा."

तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "त्याला काय हौस पडलीय?" आणि गेला.

तेवढ्यात खट्ट झालं. एमसील रात्री लावलं होतं, सकाळी धीर धरवला नव्हता. याशिका रिंगसकट सुटली आणि काळ्या जमिनीच्या भेगेत गेली. आमच्याकडं त्या दिवसांत रानाला अशा भेगा पडतात की विळा पडला तर हात घालून काढावा लागतो. लेन्स तोंडाशीच अडकली, म्हणून वाचली. कडी फिरवताना ती अजून करकर करते.

पुन्हा चिकटवली, चोवीस तास हात लावला नाही, पुन्हा गेलो. त्या दिवशी साधलेल्या तीन फोटोंपैकी एक बघून मीच दचकलो. माव्याच्या गर्दीत एक काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेला, सहा पायांचा प्राणी एका माव्याला तोंडात धरून बसलेला. ढालकिड्याची अळी. लाल पाठीचा ढालकिडा कुणालाही ओळखू येतो, पण त्याचं हे लहानपण शेतकऱ्याला शत्रूच वाटतं. मलाही वाटलं होतं. नोकरीत बारा वर्षं झाल्यावर.

एक प्रत स्टुडिओत काकांना नेऊन दिली, एक काउंटरच्या काचेखाली ठेवली. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक करडईचा शेंडा घेऊन आला, वर माव्यात तशाच दोन अळ्या. "नवीनच रोग आलाय. भारीतलं द्या." मी त्याला काचेखालचा फोटो दाखवला. तो वाकला, मागं सरकला, पुन्हा वाकला.

"ही तर मगर दिसायली!"

"मावा खाते ती. तिला मारू नका. अजून आठ दिवस फवारायची घाई करू नका."

"एवढी मोठी?"

मी त्याला शेंड्यावरची खरी अळी दाखवली. तो एकदा फोटोकडं, एकदा शेंड्याकडं बघत राहिला, मग शेंडा जपून रुमालात गुंडाळून काही न घेता निघून गेला. गल्ल्यावरून शेठनं चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "त्या पाइपाला खर्च किती आला म्हणालास?"