पोथीत नसलेलं पान

सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथीत बायकांना तोटा नाही. सीता आहे, द्रौपदी आहे, त्यांच्या दासीही आहेत. एका बाजूने दिसणारा चेहरा, त्यात भलामोठा डोळा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि एका आख्यानाची अशी चळत जमली की तिला पोथी म्हणायचं. ठाकर समाजातला कथेकरी एकेक चित्र पुढे करत गातो, सोबत वीणा, टाळ, हुडूक. गाणारे मात्र परंपरेने पुरुषच. सीतेचा आकांतसुद्धा बाप्याच्याच गळ्यातून!

पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोथ्या तगल्या, हे उत्तमच झालं. तरी त्या चित्रांत बायकांनी स्वतः सांगितलेली गोष्ट सापडत नाही, आणि माझं मन गोवा ओलांडून कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या रानात जातं. तिथे सिद्दी राहतात. गोव्यात पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात आज कोकणी बोलली जाते. पूर्वजांचं गाव कुठलं, त्यांची नावं काय, याचा कागद कुणापाशी नाही.

पण त्यांच्या बायका कवंदी शिवतात. आपली गोधडीच म्हणा, पण तऱ्हा निराळी. घरातले विटके कपडे फाडून तुकडे करायचे, कडेपासून ठिगळं लावायला घ्यायचं आणि धावदोरा घालत चहूबाजूंनी मध्याकडे सरकायचं. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं. फुलं नसतील तर कवंदी उघडीबोडकी दिसते, असं त्या मानतात. कोणतं ठिगळ कुणाच्या अंगावरचं, हे शिवणारीलाच ठाऊक. अशा घराचं दप्तर दुसरं कुठलं असणार?

तिकडे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेल्या फेथ रिंगगोल्ड या काळ्या चित्रकर्तीला आत्मचरित्रासाठी प्रकाशक मिळेना. तिने 1983 पासून गोधड्यांवरच चित्रं रंगवून शेजारी गोष्टी लिहायला घेतल्या. शिवण तिला आईकडून मिळालेली; त्याआधीच्या पिढ्यांत गुलामगिरीत गोधड्या शिवणारी एक पूर्वजही होती. आत्मचरित्र छापून आलं ते थेट 1995 साली. आपल्या कोकणात ऊर्मिला पवारांनी 2003 मध्ये 'आयदान' लिहिलं. आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, विणून घर चालवणारी त्यांची आई त्यात आहे. या साऱ्यांचं दुःख एकच, असं मी म्हणणार नाही. गुलामी वेगळी, जात वेगळी. आईच्या हातातलं काम लेकीने आपल्या गोष्टीसाठी वापरलं, एवढंच नातं मला पुरतं.

पिंगुळीत आज रंग घेऊन बसणाऱ्या पोरींनो, रामायण काढाच. पण पोथीतलं एक पान आजीसाठी कोरं ठेवा. ती कुठल्या गावातून सून होऊन आली, घरचे बाप्ये खेळ घेऊन गावोगाव फिरत तेव्हा मागे चूल कशी पेटली, हे ती आहे तोवर विचारून घ्या. आणि ते चित्र पुढे धराल तेव्हा गायचं तुम्हीच.