कटाराचे दोन भाग

‘अवतार’ हे नाव ऐकले की आपल्या घरात कपाळाला आठ्या पडणारच. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे! पण ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या (२००५ ते २००८) ६१ भागांपैकी दोन भाग आईबापांनी मुलांसोबत बसून जरूर पाहावेत.

एक, पहिल्या पर्वातला अठरावा. चौदा वर्षांची कटारा जलविद्या शिकण्यासाठी उत्तर ध्रुवावर जाते. गुरू पक्कू सांगतात, मुलींनी जखमा बऱ्या करायला शिकावे, लढायला नाही. ती रडत बसत नाही. गुरूलाच आव्हान देते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. म्हणून हा प्रसंग आपल्याला परका वाटत नाही. शेवट मात्र मला पटला नाही. कटाराच्या गळ्यातले पदक आपणच तिच्या आजीसाठी घडविले होते, हे ओळखल्यावर गुरू विरघळतात. विद्या हा हक्क आहे. तो जुन्या नात्याच्या ओळखीवर का मिळावा?

दुसरा, तिसऱ्या पर्वातला सोळावा. कटाराच्या आईचा मारेकरी सापडतो. जीव वाचावा म्हणून तो स्वतःच्या म्हाताऱ्या आईचा जीव देऊ करतो! कटारा बर्फाचे सुळे त्याच्यावर रोखते आणि थांबते. ती मारत नाही, पण माफही करीत नाही. काहींना हे खटकेल. मला तेच खरे वाटते. सूड सोडणे म्हणजे अन्याय विसरणे नव्हे. आपल्या मुलांना हा फरक कळलाच पाहिजे.